समृद्धीवरून रात्री नागपूर ते मुंबई गाडी चालवताना डुलकीचा इशारा देणारा कॅमेरा खरंच उपयोगी पडतो का?

हो, पडतो, फक्त चालकाच्या चेहऱ्याकडे रोखलेला आणि इन्फ्रारेड असलेलाच घ्या, साधा कॅमेरा अंधारात कामाचा नाही. चांगलं यंत्र जांभयांपेक्षा पापण्या बघतं: ठरावीक वेळात डोळे ८० टक्के किंवा जास्त मिटलेले किती काळ राहिले, याचं प्रमाण वाढलं की ते वाजतं. पापण्या जडावल्यात हे चालकाला स्वतःला अनेकदा कळतच नाही, म्हणून हे माप महत्त्वाचं. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, बराचसा सरळ आणि बिनसिग्नलचा रस्ता आहे. ताशी १२० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते!

मात्र उघड्या डोळ्यांनी येणारी गुंगी कॅमेऱ्यातून निसटू शकते. त्यामुळे गाडी लेन सोडू लागली, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनात, तर यंत्र गप्प असलं तरी थांबा. कडेच्या पट्टीवर नको, पंपावर किंवा थांब्यावर गाडी घ्या, कॉफी पिऊन १५-२० मिनिटं झोपा. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. पहाटे २ ते ५ तर शक्यतो निघूच नका.