डबक्यातले बेडूकमासे एकमेकांशी "बोलतात" का?

कास पठारावर पावसाळ्यात जी उथळ डबकी साचतात त्यात काळेकुट्ट बेडूकमासे एका जागी गोळा झालेले दिसतात, ते एकमेकांना ओळखतात का असं तुम्ही विचारलंय. तर हो, पण बहुतेक काम वासावर चालतं. एकाला किड्यानं चावलं की त्याच्या फाटलेल्या कातडीतनं पाण्यात एक द्रव्य मिसळतं आणि बाकीचे लगेच पांगतात नाहीतर तळाला गप पडून राहतात. कार्ल फॉन फ्रिश, तेच ते मधमाश्यांच्या नाचावालं नोबेल मिळालेले, त्यांनी हे आधी माशांत दाखवलेलं, आणि मग दुसऱ्या संशोधकांनी भेकाच्या पिल्लांत. दुसरं म्हणजे अंगावर बारीक बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात, माशांना असतात तशाच, त्यातनं पाण्याची हालचाल कळते, त्यामुळं शेजारचा कुठं वळला ते गढूळ पाण्यातपण समजतं. बेडूक होऊन जमिनीवर आला की बहुतेक जातींत हे जातं.

आणि आपल्या सांगलीपासनं लांब नाही, धारवाडच्या विद्यापीठात आपल्याकडच्या साध्या भेकावर प्रयोग झालेत, त्याची पिल्लं सख्खी भावंडं ओळखून त्यांच्याच बाजूला जास्त राहतात, तेपण वासावरनंच.

आवाजाचं म्हणाल तर तो अपवाद, अर्जेंटिनातल्या एका शिंगवाल्या बेडकाची पिल्लं पाण्याखाली चक्क आवाज काढतात. ती एकमेकांनाही खाणारी जात आहे, म्हणून "मला सोड" असं सांगायची गरज पडत असावी असा माझा अंदाज 😄