बुधवारच्या रकान्यात काय लिहिलंस?

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तू चिडलेला होतास, मी ऐकत होतो, आणि तुझ्या काकूनं मध्येच जेवायला हाक मारली. फोनवर मी एकतर उपदेश करतो नाहीतर गप्प बसतो. कागदावर जरा धड बोलतो, म्हणून लिहायला बसलोय.

तुझं गाऱ्हाणं मला समजलं ते असं. पाच वर्षं पुण्यातल्या अभ्यासिकेत काढलीस, उपजिल्हाधिकारी व्हायचं म्हणून. दोनदा मुख्य परीक्षा दिलीस, एकदा मुलाखतीपर्यंत पोचलास. आणि हातात पडलं काय, तर कालवा निरीक्षक. शाखा कार्यालय धरणाच्या पायथ्याशी, गाव चार किलोमीटरवर, मोबाइलला रेंज येते ती एकाच बाभळीखाली. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचं भांडं उघडायचं, ते कोरडं. शून्य लिहायचं. मग पाणीपातळी वाचायची, कालच्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली. ती लिहायची. "काका, यात अर्थ काय आहे? सकाळी उठावंसंच वाटत नाही." रात्री एक वाजेपर्यंत मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघतोस, हेही तूच सांगितलंस. मग सकाळी उठवत नाही, यातलं निम्मं दुखणं अर्थाचं नाही, झोपेचं आहे. ते तुझं तू बघ.

पण बोलता बोलता तू एक वाक्य सहज टाकून गेलास, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणालास, "मे महिन्यात कुठला आलाय पाऊस! मी शनिवारी बसतो आणि आठवड्याचे शून्य एकदम टाकतो." आणि त्याच्या दहा मिनिटं आधी तूच रंगवून सांगत होतास, की मंगळवारी रात्री वावटळ आली, चौकीदाराच्या खोलीचे पत्रे उडाले, रात्रभर लाइट नव्हती, अंगणात चिखल झाला.

मग बुधवारच्या रकान्यात काय लिहिलंस?

रागावलो नाही. मीही हे केलंय, म्हणूनच विचारतोय. शनिवारी तू भांडं उघडलंच नसशील. उघडलं असतंस तर आतल्या बाटलीत थोडं पाणी सापडलंही असतं. पण ते कुठल्या दिवसाचं, हे भांडं सांगत नाही. ते फक्त रोज सकाळी साडेआठला जाणाऱ्यालाच कळतं. भांड्याचं सगळं शहाणपण त्या साडेआठात आहे. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलं ते आजच्या तारखेला. देशभर हीच वेळ.

तुझ्या नोंदवहीत तीन प्रकारचे रकाने असू शकतात. शून्य लिहिलेला, म्हणजे माणूस गेला, झाकण काढलं, पाहिलं, पाऊस नव्हता. कोरा, म्हणजे कुणी गेलंच नाही. तोही चालतो एक वेळ, तो खोटं तरी बोलत नाही. आणि तिसरा हा तुझा शनिवारचा शून्य. तो दिसायला हुबेहूब पहिल्यासारखा असतो, म्हणून तो सगळ्यांत वाईट. एकदा तो वहीत शिरला की बाकीच्या खऱ्या शून्यांवरही कुणी विश्वास का ठेवावा?

2023 चा ऑगस्ट आठवतोय ना? तेव्हा तू पुण्यात होतास, तुला उकाडा तेवढा जाणवला असेल. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीनला फुलं लागलेली आणि आभाळ नुसतं झाकोळलेलं. गावोगावी एकच चर्चा, पीकविम्यासाठी पावसाचा खंड किती दिवसांचा धरणार, एकवीस दिवस भरले का. आता हे दिवस भरतात कशानं? कुणीतरी लिहिलेल्या शून्यांनी. अतिवृष्टी डोळ्यांना दिसते, तिचे फोटो निघतात, पुढारी गुडघाभर पाण्यात उभे राहतात. कोरड्या दिवसाचा फोटो निघत नाही रे.

तू म्हणशील, विम्याला माझी वही कोण विचारतो? खरं आहे. तिथे महसूल मंडळातलं 'महावेध' या हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित केंद्र चालतं, ते आपोआप आकडे पाठवतं. चांगली गोष्ट आहे, मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही. पण त्या यंत्रातही पाणी शेवटी एका छोट्या नरसाळ्यातूनच जातं. त्यात कोळ्यानं जाळं केलं, पानं अडकली, चिमणीनं काड्या आणून टाकल्या, की धो धो पावसातही यंत्र शांत. तेव्हा शेजारच्या एखाद्या भांड्याची वहीच सांगते की यंत्र झोपलंय. शिवाय तुझा आकडा मुळात धरणासाठी आहे. पाणलोट क्षेत्र समज 100 चौरस किलोमीटरचं. त्यावर सगळीकडे एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं दहा कोटी लिटर. तुझ्या भांड्यात तेवढ्याच पावसाचं पाणी 20 मिलिलिटर भरतं, खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं. सगळं धरणात येत नाही, जमीन पिते, पण पावसाळ्यात रात्री दारं किती उचलायची याचा अंदाज बांधायला त्या दोन झाकणांपासूनच सुरुवात होते.

आणि शेजारच्या भांड्याचा आकडा उचलून चालत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला 73 च्या आसपास. कुलाब्याच्या माणसानं सांताक्रूझचं ऐकून लिहिलं असतं तर?

आता माझी गोष्ट. ही तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही.

इगतपुरीच्या बाजूला एका धरणावर मी होतो, नोकरीचं तिसरं वर्ष. ऐन श्रावणात हातातून मोजायचा ग्लास निसटला आणि फुटला. भरल्या पावसात नवा कुठून आणणार? जवळच्या दुसऱ्या केंद्रावर एक जास्तीचा पडून होता, तो मागवला आणि काम सुरू ठेवलं. अकरा दिवस. भिजत जायचो, डोळ्यांच्या रेषेत ग्लास धरून पाण्याचा खालचा बाक वाचायचो, सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. मनात थोडी ऐटही होती, की बघा, एवढ्या पावसात एक दिवस चुकवला नाही.

बाराव्या दिवशी उपविभागातून माझा तक्ता परत आला. समासात लाल पेन्सिलीनं एकच ओळ : "पाऊस 180, मग पातळी एवढीच कशी?"

भांड्याचं तोंड दोन मापांचं असतं, 100 चौरस सेंटिमीटर आणि 200 चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येकाचा ग्लास वेगळा. माझं भांडं 200 चं आणि मागवलेला ग्लास 100 च्या भांड्याचा. म्हणजे अकरा दिवस मी प्रत्येक आकडा दुप्पट लिहीत होतो. मन लावून, वेळेवर, भिजत, दुप्पट.

ती ओळ लिहिणारा कारकून धरणावर कधी आला नव्हता. त्याच्या टेबलावर आमच्यासारख्या कितीतरी केंद्रांचे तक्ते यायचे. हे तपासायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे कुणी पैसेही देत नव्हतं. पण पावसाचा आकडा आणि पातळीचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय पुढे सही करायची नाही, अशी त्याची सवय. मी पुढं त्याला भेटायला गेलो, चहा पाजला. वाटलं होतं, काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "जुळत नव्हतं, म्हणून विचारलं." आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

तुला वाटेल आता मी म्हणणार, बघ, कुणीतरी आपलं काम बघत असतं. नाही म्हणणार, कारण ते खरं नाही. त्या कारकुनाची बदली झाल्यावर पुढली नऊ वर्षं माझ्या तक्त्यावर एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. मी मुद्दाम चुका केल्या असत्या तरी आलं नसतं. पण त्या ओळीनंतर मी स्वतःच दोन आकडे शेजारी ठेवून बघायला लागलो होतो. आज 40 मिलिमीटर आणि पातळी हलली नाही, का? जमीन अजून तहानलेली. आठवड्यानं तेवढ्याच पावसाला पातळी हातभर वर, का? आता जमीन पोट भरून बसलीय. कामात रस पडला तो असा, मागच्या दारानं. त्याआधी मी तीन वर्षं रस शोधत होतो, तेव्हा तो काही सापडला नाही.

आता तुला एक काम सांगतो. तुझ्या कालव्याच्या शेपटापर्यंत एकदा पायी जा. गाडीवर नको, पायी. नकाशावर वितरिका आणि चाऱ्यांच्या रेघा पाहिल्यास, सात नंबरचे पाणीअर्ज घेतलेस, शेजपाळीचे, म्हणजे कुणाला पाणी कधी त्या पाळ्यांचे, कागद भरलेस. पण त्या कागदांतला शेवटचा माणूस तू पाहिला नाहीस.

मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर होतो तेव्हा हे शिकलो. 208 किलोमीटरचा कालवा, पैठणहून निघून थेट परभणी जिल्ह्यात. पैठणला पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते, आणि शेपटाकडचा शेतकरी त्यानंतर दिवस मोजत बसतो. वरच्या अंगाला कुणी रात्री मोटर टाकतो, कुणी दार फोडतो, आणि खाली येईस्तोवर पाण्याची ओल उरते. एका उन्हाळी आवर्तनात शेवटच्या चारीवर रात्री दोन वाजता आम्ही उभे होतो, मी, पाणी सोडणारा पाटकरी आणि एक म्हातारा शेतकरी. त्याच्याकडे भुईमूग होता. आधी पाणी दिसलं नाही, ऐकू आलं. भेगाळलेल्या मातीत पाणी शिरताना बुडबुड्यांचा बारीक चरचर आवाज होतो. मग बॅटरीच्या उजेडात पाण्याचं तोंड आलं, पुढे वाळलेली पानं, शेणकूट, बिसलेरीची बाटली ढकलत, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. एक विंचू त्याच्या पुढे पुढे पळत होता. म्हाताऱ्यानं धोतर वर खोचलं, फावडं उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलात व्हय? लईच लवकर आलात."

आभार वगैरे काही नाही. पाणी खरोखर नऊ दिवस उशिरा आलं होतं. पण त्यानंतर कार्यालयात बसून आवर्तनाचा हिशेब करताना मला आकड्यांच्या शेवटी ते फावडं दिसायचं. 15 ऑक्टोबरचा पाणीसाठा बघून सगळं वर्षाचं नियोजन ठरतं, हे तू प्रशिक्षणात पाठ केलंस. त्या दिवशीची पातळी कुणी वाचायची आहे? यंदा तूच.

परीक्षेचं विचारलं होतंस, सोडून देऊ की देत राहू. दे की. वय आहे, डोकं आहे, आणि उपजिल्हाधिकारी झालास तर मला मिरवायला हवंच आहे. फक्त या नोकरीला एसटी स्टँडवरचं बाकडं समजू नकोस, की आपली गाडी येईपर्यंत टेकायचं. गाडी येईल किंवा नाही येणार, दिवस मात्र त्याच बाकड्यावर जातात. आणि पगारासाठी काम करतो म्हणायला लाजतोस, तेही सोड. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची आणि आम्हा चौघांत वाटायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिला कुणी विचारलं नाही की बाई, या कामात तुला अर्थ सापडतो का. ती फोडत होती त्या खडीचा रस्ता अजून आहे, त्यावरूनच तू दिवाळीत आमच्याकडे येतोस. पण ती तिथं रस्त्यासाठी गेली नव्हती, आमच्यासाठी गेली होती. ते तिला पुरत होतं.

तुला पुरणार नाही, मला कळतं. तू शिकलास, तुझी भूक वेगळी आहे. मी एवढंच म्हणतोय, की या पावसाळ्यापुरतं तरी रोज साडेआठला जा.

मृग लागायला आठवडा राहिला. त्याआधी भांड्याच्या नरसाळ्यातली पानं काढ, आतली बाटली पिचकलेली नाही ना बघ, कुंपणाच्या आत एरंड वाढला असेल तो तोड, झाडाच्या आडोशाला पाऊस कमी भरतो. बुधवारच्या शून्यावर एक आडवी रेघ मार, बाजूला 'वाचन घेतले नाही' लिही आणि सही कर. साहेब बोलतील, ऐकून घे. आणि कपाटात एक जास्तीचा ग्लास मागवून ठेव. मागवताना आधी भांड्याच्या तोंडाचं माप बघ, 100 की 200.

काकू विचारतेय, लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवू.

तुझा,
काका