फुलदाणीत ठेवायला घरच्या वाफ्यात कोणती फुलं लावावीत?

तुम्ही लिहिलंय की दोन छोटे वाफे रिकामे आहेत, ऊन चांगलं येतं आणि घरात ठेवायला कापून आणता येतील अशी फुलं हवीत. तर सगळ्यात आधी, बियांच्या पाकिटावरचा फोटो बघून ठरवू नका, देठ बघा. मी पहिल्या वर्षी पिटुनिया आणि ऑफिस टाइम लावलं होतं, वाफा इतका सुंदर दिसायचा, पण कापायला गेलं की हातात दोन बोटं देठ, फुलदाणीत उभं काय राहणार! तेरड्याचंही तसंच, फुलं खोडालाच चिकटून येतात. जास्वंद तर बहुतेक वेळा एका दिवसात मिटते.

पहिल्यांदाच करताय तर अर्धा वाफा झिनियाला द्या, हे मी अगदी मनापासून सांगतेय. फक्त उंच वाढणारी जात घ्या, कुंडीतली बुटकी नको. बी थेट मातीत पेरायचं, रोपांत साधारण एक फूट अंतर ठेवायचं, दाटी झाली की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी येते, आणि पाणी बुंध्याशी घालायचं. रोप वीत-दीड वीत झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, मला अजूनही येतं, पण त्यानेच बाजूचे फुटवे फुटतात आणि लांब देठाची भरपूर फुलं मिळतात. कापताना घाई नको, कारण झिनियाची कळी कापल्यावर उमलत नाही. फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलकेच हलवायचा, मान लुळी हलली तर अजून कच्चं आहे, देठ ताठ राहिला तर खुशाल कापा, आणि अगदी खालून, पानांच्या जोडीच्या जरा वर कापा म्हणजे तिथूनच नवीन फांद्या येतात.

कॉसमॉस बरोबर उलटं, कळी उघडायला लागली की लगेच कापायचं. त्याला खत जास्त घालू नका, नुसता पाला माजतो.

सूर्यफुलात एका दांड्याच्या जाती असतात त्या एकदाच फूल देतात, म्हणून सगळं बी एकदम न पेरता दर 10-12 दिवसांनी थोडं थोडं पेरा. ग्लॅडिओलसचे खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडे कापा, वरच्या कळ्या पाण्यात उमलतात, फक्त झाडावर निदान चार पानं राहू द्या नाहीतर खालचा कंद पोसत नाही. वास हवा असेल तर निशिगंध.

आणि फिलरला, म्हणजे मोठ्या फुलांमधली जागा भरणाऱ्या लहान फुलांना, जागा ठेवाच, हे बहुतेक जण विसरतात आणि मग नुसती मोठी मोठी फुलं कोंबलेली दिसतात. गोम्फ्रेना म्हणजे ती बटनासारखी फुलं, आणि कोंबड्याचे तुरे, दोन्ही भरपूर येतात आणि वाळवूनही टिकतात.

कापायचं मात्र सकाळी लवकर, बादलीत पाणी घेऊनच वाफ्यात जा, पाण्यात बुडणारी पानं सगळी काढून टाका नाहीतर पाणी पटकन खराब होतं. तुमच्याकडे आता थंडी सुरू होणार असेल तर झिनियाऐवजी स्नॅपड्रॅगन आणि अ‍ॅस्टर घ्या, झिनिया ऊब आल्यावर पेरा.