आकडा कामाचा काढ, माणसाचा नको

अगं, तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला. सॉफ्टवेअर टीमची लीड होऊन चार महिने झाले नाहीत तोवर मॅनेजरने सहा जणांचं स्टोरी पॉइंटवरून रँकिंग मागितलं, आणि तू मला विचारतेस फॉर्म्युला कुठला लावू. फॉर्म्युला शोधायला बसलीस म्हणजे मागणी मान्यच केलीस की!

आकडा कामाचा काढ, माणसाचा नको. पॉइंट म्हणजे एखादं काम किती मोठं याचा टीमने आपापसात ठरवलेला अंदाज, त्यावर इंक्रिमेंट लावलं की पुढच्या प्लॅनिंगला तीन पॉइंटचं काम आठचं होणारच, आणि त्यात पोरांची चूक नाही.

हे खूळ जुनंच आहे. 1982 साली ॲपलमध्ये लिसा कॉम्प्युटरवर काम चालू होतं, तेव्हा कोणी किती ओळी कोड लिहिला ते दर आठवड्याला फॉर्मवर भरायचं असं वरून ठरलं. तिथल्या बिल ॲटकिन्सन या प्रोग्रामरने नुकताच क्विकड्रॉमधला, म्हणजे स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या कोडमधला, एक भाग नव्याने लिहिला होता, तो जवळपास सहापट फास्ट झाला आणि सुमारे दोन हजार ओळी उडाल्या. गड्याने फॉर्मवर लिहिलं, उणे 2000. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

मी मात्र एकेकाळी फॉर्म मागणाऱ्यांतलाच होतो. एक्सेल केली होती, कोणी किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, क्लोज केली त्याची, एक मुलगा सगळ्यात खाली आला, बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात वर-खाली रेटिंग वाटताना, कोणालातरी खाली बसवायचंच होतं तर मी त्याचं नाव पुढे केलं. तो दिवसभर दुसऱ्यांच्या डेस्कवर असायचा, नव्या पोरांचा कोड तपासायचा, रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, पडलं की फोन त्यालाच, यातलं काहीच शीटमध्ये नव्हतं. त्याने पेपर टाकला. दोन महिन्यांत वरच्या नंबरवाल्यांची तिकिटं अडायला लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वरून प्रेशर होतं गं, घराचे हप्ते होते, कोणीही हेच केलं असतं. असं मी म्हणतो खरं.

आता तू म्हणशील मोजायचंच नाही का? मोज ना! डोरा म्हणून सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणारा गट आहे, त्यांचे मूळ चार आकडे आहेतच: डिप्लॉय किती वेळा, म्हणजे नवा कोड किती वेळा चालू केला, बदल प्रॉडक्शनला पोचायला किती वेळ, किती बदल फसले, पडलं तर किती वेळात उभं राहिलं. चारही टीमच्या कामाचे, कोणाच्या नावापुढे टाकायचे नाहीत. आणि कामचुकार कसा ओळखायचा म्हणून विचारू नकोस, पीआर, म्हणजे तपासायला पाठवलेले कोडमधले बदल, वाच, शेजारी बसून बघ, लीड कशाला केलंय तुला?

सोमवारी ते चार आकडे घेऊन जा आणि सहाही जणांबद्दल अर्धं अर्धं पान लिहून ने. बोलणी खाशील. मी नंतर हाच हट्ट धरला तर दोन वर्षं प्रमोशन अडलं, बायको अजून ऐकवते, तरी परत तेच करीन. आकडा कामाचा, माणसाचा नाही, कितीदा सांगू.

रविवारी फोन कर, कोणाबद्दल काय लिहायचं ते बघू. फॉर्म्युला विचारलास तर ठेवून देईन.