डिफेन्सकडून सुरुवात केली तर हेड कोच होता येतं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतो, सेफ्टीच्या जागी, म्हणजे डिफेन्समध्ये (बचावात) सगळ्यात मागे. त्याला कोचिंगमध्येच जायचंय. मास्टर्स करता करता डिफेन्सच्या स्टाफमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता कोचना मदत करणारा) व्हायची संधी आली आहे. पण हल्ली हेड कोच ऑफेन्समधूनच (चढाईच्या बाजूतून) घेतात, असं सगळे म्हणतात. त्याने बाजू बदलावी का? – एक आई

उत्तर : ताई, बदलू नये.

लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. २०१७ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या रॅम्स टीमनी ३० वर्षांच्या शॉन मॅकव्हेला हेड कोच केलं आणि ऑफेन्सच्या तरुण कोचना मागणी वाढली. मालकांचा हिशेब सरळ आहे. हेड कोच डिफेन्सचा असला की ऑफेन्स बहुधा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या बाजूचा मुख्य सहायक कोच, सांभाळतो. ते जमून आलं की दुसरी टीम त्यालाच हेड कोच म्हणून उचलते आणि क्वार्टरबॅकला (ऑफेन्स चालवणाऱ्या खेळाडूला) नव्या माणसाबरोबर पुन्हा सुरुवात करावी लागते. डिफेन्सवाल्या डॅन क्विनच्या फाल्कन्सनी २०१६ च्या मोसमात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) गाठला आणि लगोलग त्यांचा ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर काइल शनाहन हेड कोच म्हणून फोर्टीनाइनर्सकडे गेला. बफेलोहून २०२२ मध्ये ब्रायन डेबॉल असाच जायंट्सकडे गेला. मालकांना धास्ती आहे ती माणूस हातचा जाण्याची. डिफेन्सवाल्याच्या कुवतीबद्दल यातून काहीच ठरत नाही. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकणारा बिल बेलिचिक डिफेन्सचाच, आणि जॉन हार्बॉ तर कितीतरी वर्षं स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे खेळाडू) सांभाळत होता.

आता मुलाचं रोजचं काम बघा. पुढच्या सामन्यातल्या टीमचे व्हिडिओ बघून तो त्यांच्या ऑफेन्सचे प्ले (आखलेल्या चाली) कार्डांवर काढेल : पास झेलणारा रिसीव्हर कुठे उभा राहतो, कुठल्या बाजूला पळतो, तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) सात यार्ड हवे असले की हे काय खेळतात. सरावात राखीव मुलं ती कार्डं बघून तेच प्ले चालवतात. म्हणजे डिफेन्सच्या खोलीत बसून तो दर आठवड्याला एक नवं ऑफेन्स आतून शिकणार! ही शिदोरी मला फार मोलाची वाटते.

शिवाय पहिली नोकरी म्हणजे कायमचा शिक्का नव्हे. जॉश मॅकडॅनियल्स पेट्रियट्समध्ये आधी डिफेन्सचा सहायक होता. २००४ मध्ये क्वार्टरबॅक कोच झाला, २००९ मध्ये ब्रॉंकोजचा हेड कोच.

फी माफ होणार का आणि स्टायपेंड किती, हे लेखी घ्या. होकाराआधी मुलाने कोऑर्डिनेटरला एवढं विचारावं : मोसम संपल्यावर क्वार्टरबॅकच्या बैठकांना बसू द्याल का? ‘हो’ म्हणाले, तर त्याच दिवशी होकार कळवावा.