‘ओव्हरराइड’ला ‘अधिलिखित’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जावा सर्व्हरच्या मार्गदर्शिकेचं मराठीकरण करताना ‘ओव्हरराइड केलेली सेटिंग’ला ‘अधिलिखित सेटिंग’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. अधिलिखित म्हणजे ओव्हरराइट. आधीचं पुसून त्यावर नवं लिहिलं. ओव्हरराइडमध्ये जुन्याऐवजी नवं मूल्य लागू होतं, पण पुसलं काहीच जात नाही. ओपन लिबर्टी हा जावा सर्व्हर घ्या. त्याच्या सेटिंगांच्या मुख्य फाइलीत, म्हणजे सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर विनंत्या घेतो तो) आहे ९०८०. त्या फाइलला हात न लावता कॉन्फिगड्रॉपिन्स फोल्डरातल्या ओव्हरराइड्स फोल्डरात चार ओळींची फाइल टाकायची आणि तिच्यात त्याच आयडीच्या एंडपॉइंटला (पोर्ट जिथे नोंदवतात त्या घटकाला) ९०८१ द्यायचा. ही फाइल मुख्य फाइलीच्या नंतर वाचली जाते, म्हणून सर्व्हर ९०८१ धरतो. मुख्य फाइल उघडा, ९०८० जागच्या जागी. छोटी फाइल काढून टाका, ९०८० पुन्हा लागू. मी एकदा ‘पोर्ट अधिलिखित झाला’ असं लिहून दिलं, तर वाचणारा बॅकअप शोधत बसला! बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

‘रद्द’ला कायमचेपणाचा वास येतो. ‘डावलणे’ अर्थाने बरंच जवळ, पण डावललेला माणूस रुसतो. पोर्टला कसला रुसवा?

संस्कृत व्याकरणकारांना हा पेच जुनाच. पाणिनीचं सूत्र आहे, ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’: दोन तुल्यबळ नियम एकाच जागी भिडले तर नंतरचा चालवावा. हरलेला नियम ग्रंथातून जात नाही, त्या जागेपुरता मागे सरतो. याला शास्त्रात ‘बाध’ म्हणतात. शब्द नेमका, पण मराठीत ‘बाधलं’ म्हटलं की पोटदुखीच आठवते.

म्हणून मी ‘वरचढ’ वापरतो. ‘९०८१ हे मूल्य ९०८० ला वरचढ ठरतं.’ कॉन्फिगड्रॉपिन्समधलाच डिफॉल्ट्स फोल्डर मुख्य फाइलीच्या आधी वाचला जातो, तिथे मुख्य फाइल वरचढ. शब्द दोन्हीकडे बसतो. बोलताना खुशाल ‘ओव्हरराइड कर’ म्हणा, आणि फोल्डरच्या नावाचं भाषांतर मात्र चुकूनही करू नका, सर्व्हरला ते सापडणार नाही.

एका ठिकाणी वरचढही चालत नाही. फीचर्सची, म्हणजे सर्व्हरने चालू करायच्या सुविधांची, यादी दोन्ही फाइलींत असेल तर एरवी दोन्हींची बेरीज होते, कुणी कुणाला हटवत नाही. तिथे सरळ ‘भर पडते’ लिहावं.