पोटावर काळी रेघ असलेला पिवळा पक्षी

प्रश्न : नोव्हेंबरात खारघरच्या टेकडीवर घाणेरीच्या फुलांवर चिमणीहून लहान पक्षी दिसला. बाकदार चोच, पिवळट पोट आणि गळ्यापासून खाली मधोमध काळी रेघ. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी हमिंगबर्ड म्हणतं, कुणी सूर्यपक्ष्याची मादी. सोबत फोटो जोडला आहे. नक्की कोण? – एक वाचक, खारघर

उत्तर : हा जांभळा सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर. आणि मादी नव्हे, नर आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

विणीच्या काळात हा नर नखशिखांत काळा-जांभळा असतो. वीण आटोपली की पिसं झडून तो मादीसारखा पिवळट होतो, गडद पट्टा तेवढा राहतो. पावसाळा सरल्यापासून हिवाळ्यापर्यंत असे नर दिसतात. तुमच्या फोटोत खांद्याशी निळी चमक आहे, तेव्हा हा प्रौढ. पंख नुसते तपकिरी असते, तर त्याला यंदाचा कोवळा नर म्हटलं असतं.

खरा घोळ माद्यांचा होतो. आधी गळा बघा. जांभळ्या कटीच्या सूर्यपक्ष्याच्या मादीचा गळा राखाडी-पांढरा, छाती पिवळी आणि पंखांवर तांबूस झाक. शिंजिराच्या मादीत गळ्यापासून सगळं फिकट पिवळं, तांबूस कुठेच नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात मात्र चोचही तपासा : लोटेनच्या सूर्यपक्ष्याची चोच बरीच लांब आणि ठळक वाकलेली असते. आखूड चोचीचा असेल तर तो फुलटोच्या, सरळ चोचीचा असेल तर बहुधा शिंपी पक्षी.

एकाच फोटोतल्या रंगावर विसंबू नका. ही चमक रंगद्रव्याची नाही, पिसांच्या रचनेची आहे. उजेडाचा कोन बदलला की जांभळा पक्षी कोळशासारखा काळा दिसतो. ऊन पाठीशी घ्या, कॅमेऱ्याचं शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि गळा, पंख, बाजूने चोच असे तिन्ही फोटो मिळवा. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा फुललेल्या झुडपापाशी थांबा, तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, धायटी फुलली की याच टेकडीवर जरूर जा. अर्धवट पिसं बदललेले, पिवळ्यावर काळे ठिपके पडलेले नरही तेव्हा दिसू शकतात. तीही वेगळी जात नव्हे. मादीसमोर पंख फडकावणारा नर दिसला, तर काखेतला पिवळा-केशरी झुपका टिपायचा प्रयत्न करा; एरवी तो पंखाखाली झाकलेला असतो.